किल्ली देण्याआधी

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक मागणी पुढे येते : क्लासला जायला स्कूटी. रिक्षा परवडत नाही, बसचा भरवसा नाही, आपण दोघंही नोकरीवर. कारणं खोटी नसतात. किल्ली देताना आपण बजावतो, ‘सावकाश जा, पोचलास की फोन कर.’ आपल्या लेकराला कुणी उडवू नये, एवढीच आपली काळजी. लेकराच्या हातून कुणी उडेल, हे मनाला शिवतही नाही. आज त्याबद्दलच बोलू या.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना अशाच एका स्कूटीची धडक बसली. डोक्याला मार लागला, टाके पडले, ते निघालेही. लोक म्हणाले, नशीब, थोडक्यात निभावलं. पण त्यांना वास येणं बंद झालंय. डाळ करपून घरभर वास सुटला, तरी हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. तेव्हापासून बायको त्यांना गॅसजवळ एकटं ठेवत नाही. नावं आठवत नाहीत, मग चिडतात. ज्यांनी कधी आवाज चढवला नाही, ते नातीवर खेकसतात. मेंदूला मार लागला की असं होऊ शकतं, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. घरच्यांना ते अनुभवातूनच कळतं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, ४ लाख ४३ हजारांवर जखमी झाली. जखमींच्या त्या आकड्यात अशी किती घरं असतील!

आणि धडक देणारा तो मुलगा? त्याला खरचटलंही नव्हतं. आता तो चौक टाळून लांबून जातो. कुणाच्या मागे बसला, तरी त्याची बोटं नसलेला ब्रेक दाबत राहतात. रात्री दचकून उठतो. ‘तो विषय काढायचा नाही,’ असं घरात ठरलंय. मायेपोटीच ठरलंय, पण त्याला विचारायचंय, ते काका आता कसे आहेत? विचारायचं कुणाला?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. चालवत होता १७ वर्षांचा मुलगा, असा आरोप. जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून आपण सगळेच खवळलो. पण आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमधून सोळा वर्षांची मुलं गाड्या काढत होती, तेव्हा कोण काय बोललं?

कायदा तर २०१९ पासून स्पष्ट आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते, ते वेगळंच.

मूल अठराचं झालं, परवाना आला, की एकदा समोर बसवून सांगा : कुणाला लागलं तर पळायचं नाही. १०८ला फोन कर, माणसाजवळ थांब, मग आम्हाला कळव. पोलिसांकडे आम्ही तुझ्याबरोबर येऊ. आणि गाडी दुसराच कुणी चालवत होता, असं सांगायची वेळ तुझ्यावर आणणार नाही.