थोडी घेतली तर तब्येतीला चांगली?



फेस्ताच्या, लग्नाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या जेवणात एक प्रश्न हमखास निघतो. "फादर, जास्त घेणे वाईट, हे आम्हांला मान्य. पण थोडी घेतली तर तब्येतीला चांगलीच ना? डॉक्टरसुद्धा तसे म्हणतात." विचारणारे बहुधा कष्टाळू, घर सांभाळणारे पुरुष असतात. त्यांच्या घरच्या बाया मात्र अशा वेळी गप्प राहून उत्तराची वाट पाहत असतात. म्हणून आज या प्रश्नाचा नीट अभ्यास करू या. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाविषयी हा लेख नाही, त्याविषयी आपल्यात मतभेदही नाही. आजचा विषय आहे फक्त 'थोडी'.

'औषध' हे नाव कसे पडले?

आपल्या आजऱ्यात पाऊस धो धो पडतो, हवा गारठते. अंगात ऊब यावी म्हणून एक घोट घ्यावा, सर्दीवर फेणी किंवा ब्रँडी चोळावी, लहान मुलाला चमचाभर पाजावी, असे अनेक घरांत चालत आले आहे. ऊब वाटते हे खरे. पण ती का वाटते? दारूमुळे कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले गरम रक्त वर येते आणि अंग तापल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शरीराची उष्णता त्याच वाटेने बाहेर जात असते. लहान मुलाला तर चमचाभर ब्रँडीही देऊ नये, कारण तिच्यामुळे त्याच्या रक्तातील साखर एकदम उतरू शकते. "झोप चांगली लागते" हेही अर्धेच खरे आहे. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते आणि सकाळी थकवा राहतो.

सरकारी कागदांनीही या नावाला हातभार लावला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात 'आरोग्य परवान्या'ची तरतूद आहे. आरोग्य टिकवण्यासाठी ज्याला विदेशी मद्याची गरज आहे, त्याला परवाना द्यावा, असा तिचा अर्थ. ही कायद्याने काढलेली वाट आहे, डॉक्टरने लिहून दिलेले औषध नव्हे. परंतु परवान्यासोबत 'आरोग्य' हा शब्द लोकांच्या मनात राहून गेला.

पुढे १९९१ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम गाजला. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो, त्याचे कारण त्यांची तांबडी वाईन असावी, असे त्यात मांडले होते. तेव्हापासून 'वाईन हृदयाला चांगली' हे वाक्य जगभर फिरते आहे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असेही आपण ऐकले. मोठ्या विरोधानंतर तो निर्णय अमलात आला नाही. पण शास्त्राच्या दृष्टीने वाईन, बीअर, व्हिस्की, फेणी या सर्वांतील अल्कोहोल एकच आहे. यकृत बाटलीवरचे लेबल वाचत नाही.

संशोधन काय सांगते?

'थोडी' घेणाऱ्यांच्या बाजूने आकडे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अनेक अभ्यासांत मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे जास्त जगताना दिसले. मग अडचण कुठे आली? 'न पिणारे' म्हणून ज्यांना मोजले, त्यांत कोण कोण होते, हे तपासले गेले तेव्हा. समजा, एखाद्या गावातील साठीची न पिणारी माणसे आपण एकत्र बसवली. त्यांतील काहींनी आयुष्यात कधीच घेतलेली नसेल. पण काहींनी यकृत बिघडल्यावर, मधुमेह झाल्यावर किंवा डॉक्टरांनी दम दिल्यावर सोडलेली असेल. ही आधीच आजारी असलेली माणसे 'न पिणारे' या रकान्यात गेली, तर तो रकाना रोगट दिसणारच आणि थोडी घेणारे त्यांच्यापुढे ठणठणीत वाटणार. ही चूक १९८८ मध्येच ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिली होती. शिवाय मोजून-मापून घेणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो, वेळेवर डॉक्टरकडे जातो. त्याची तब्येत त्या पेल्यामुळे राहते की बाकीच्या गोष्टींमुळे, हे वेगळे काढणे कठीण असते.

२०२३ मध्ये असे १०७ अभ्यास एकत्र करून पुन्हा तपासले गेले. त्यांत सुमारे ४८ लाख लोकांची माहिती होती. वरील चुका दुरुस्त केल्यावर थोडी पिणाऱ्यांचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. चीनमध्ये पाच लाखांहून अधिक लोकांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे काही लोकांना जन्मतःच दारू सोसत नाही, म्हणून ते कमी पितात. अशा लोकांची इतरांशी तुलना केली तेव्हा दिसले, की दारू वाढते तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. 'थोडी'मुळे पक्षाघातापासून संरक्षण मिळते, असे काही आढळले नाही.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' नावाच्या अभ्यासात नियमित थोडे मद्य घेणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका काहीसा कमी आलेला दिसला. पण २००७ साली भारत व शेजारच्या देशांतील माणसांचे आकडे वेगळे काढले, तेव्हा हा फायदा आपल्या लोकांत आढळला नाही.

दुसरी बाजू कर्करोगाची. अल्कोहोलमुळे माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले. शरीरात अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड बनते आणि ते पेशींतील गुणसूत्रांना इजा करते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या ठिकाणचे कर्करोग त्याच्याशी जोडलेले आहेत. सोबत तंबाखू असेल, तर तोंडाचा व घशाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी याचा हिशेब दिला. आठवड्याला एक पेलाही न घेणाऱ्या १०० स्त्रियांपैकी सुमारे १७ जणींना आयुष्यात दारूशी संबंधित कर्करोगांपैकी एखादा होतो. रोज एक पेला घेणाऱ्यांत हा आकडा १९ होतो, रोज दोन घेणाऱ्यांत २२. पुरुषांत तो अनुक्रमे १०, ११ आणि १३ आहे. म्हणजे एका पेल्याने आभाळ कोसळत नाही, पण धोका पहिल्या पेल्यापासून सुरू होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले, की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही.

शास्त्रज्ञांमधला वाद संपलेला नाही. डिसेंबर २०२४ मधील अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालात, थोडी घेणाऱ्यांत एकूण मृत्यू काहीसे कमी असल्याचे पुन्हा नोंदवले आहे. त्याच अहवालात अशा स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक असल्याचेही म्हटले आहे. परंतु अमेरिकन हार्ट असोसिएशनसारखी हृदयरोगाची मोठी संस्थाही, न पिणाऱ्याने हृदयासाठी प्यायला सुरुवात करावी, असे सांगत नाही.

'थोडी' म्हणजे किती?

येथे आपण सर्वांनी पेन्सिल हातात घ्यावी. अभ्यासात 'एक पेला' म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल धरतात (अमेरिकेत १४). आता आपल्याकडचा हिशेब पाहा. ६० मिलिलिटरचा लार्ज पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम, अर्थात दोन पेले. ६५० मिलिलिटरची साधी बीअर म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग बीअर ४० ग्रॅमच्या वर. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम, अर्थात सहा पेले.

"मी फक्त क्वार्टर घेतो" असे सांगणारा माणूस स्वतःला 'थोडी' घेणाऱ्यांत मोजतो. जागतिक आरोग्य संघटना मात्र एका बैठकीत ६० ग्रॅम घेणे हे अतिमद्यपान समजते. ज्या 'थोडी'विषयी शास्त्रज्ञ वाद घालतात, ती आपल्या टेबलावर क्वचितच असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांतील पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांचे पिणे अपायकारक किंवा व्यसनाचे झाले आहे. म्हणजे दर तिघांत एक. त्या प्रत्येकाने सुरुवात 'थोडी'नेच केली होती.

पौलाने तिमथीला सांगितले ते काय?

बायबल वाचणारे बंधू येथे संत पौलाचे तिमथीस पहिले पत्र पुढे करतात (५:२३). पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, असा सल्ला पौलाने तिमथीला दिला, हे खरे. पण तो एका आजारी तरुणाला दिलेला सल्ला आहे, सर्वांसाठी घातलेली आज्ञा नाही. त्या काळी पाण्याचा भरवसा नव्हता आणि द्राक्षारस पोटाचे औषध मानला जात असे. आज आपल्याकडे उकळलेले पाणी आहे, सरकारी दवाखाना आहे. ज्या प्रेमाने पौल तिमथीच्या पोटाची काळजी घेतो, त्याच प्रेमाने तो आज त्याला डॉक्टरकडे पाठवील. बेनसिराचा ग्रंथही (३८ वा अध्याय) वैद्याचा मान राखायला शिकवतो.

ख्रिस्तसभा द्राक्षारसाला पाप मानत नाही. प्रभूने काना गावी लग्नघरचा आनंद राखला आणि वेदीवर आपण द्राक्षारसच अर्पण करतो. तरीही ज्या धर्मगुरूला दारू बाधते, त्याला आंबण्याची क्रिया थांबवलेला द्राक्षरस मिस्सासाठी वापरण्याची परवानगी मिळू शकते. २००३ मधील रोमच्या पत्रात हे स्पष्ट केले आहे. वेदीवरसुद्धा ख्रिस्तसभा माणसाची प्रकृती पाहते, मग आपण जेवणाच्या टेबलावर ती का पाहू नये?

मध्यममार्ग प्रत्येकाचा वेगळा

"फादर, तुम्हीच संयम म्हणजे मध्यममार्ग असे शिकवता. मग थोडी घेणे हाच मध्यममार्ग नाही का?" हा युक्तिवाद चतुर आहे. ॲरिस्टॉटलने याचे उत्तर मायलो नावाच्या पहिलवानाच्या उदाहरणाने दिले आहे. मायलोला पुरणारे जेवण नवशिक्याला फार होईल. कोल्हापूरच्या तालमीत हे कोणालाही पटेल: मोठ्या पहिलवानाचा खुराक कालच आलेल्या पोराला दिला, तर तो आजारी पडेल. मध्य हा बाटलीवर आखलेल्या रेघेत नसतो, तो त्या माणसाच्या प्रकृतीवर, वयावर आणि जबाबदारीवर ठरतो. संत थॉमस अक्वायनस हेच पुढे नेतात. द्राक्षारस मुळात निषिद्ध नाही, पण ज्याला तो सहज बाधतो, ज्याने न पिण्याचे व्रत घेतले आहे, जो मर्यादा ओलांडतो किंवा ज्याच्या पिण्याने दुसरा अडखळतो, त्याला तो योग्य नाही, असे ते म्हणतात. म्हणून काही जणांचा मध्यममार्ग शून्य आहे:

१. गरोदर स्त्री. बाळासाठी सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही.
२. गाडी चालवणारा. आंबोलीचा घाट आणि धुके 'थोडी'ची गय करत नाहीत.
३. यकृताचा आजार असलेला, तसेच क्षयाची, मधुमेहाची किंवा झोपेची औषधे घेणारा.
४. अठरा-वीस वर्षांची मुले-मुली.
५. ज्याने एकदा व्यसन सोडले आहे तो. त्याला "आज फेस्त आहे, एकच घे" असा आग्रह करणे हे मोठे पाप आहे.

मग आपण काय करावे?

जो घेत नाही, त्याने तब्येतीच्या नावाखाली सुरुवात करू नये. जो सणासुदीला एखादा पेला घेतो, त्याने तो आनंदासाठी घेतो असे सरळ म्हणावे, औषधाचे नाव देऊ नये. औषध म्हटले, की ते रोज लागते आणि घरातले कोणी त्याला हरकत घेऊ शकत नाही. हृदय जपायचे असेल, तर चालणे, कमी मीठ, तंबाखू सोडणे आणि रक्तदाब तपासणे हे उपाय स्वस्त आहेत आणि त्यांविषयी वाद नाही.

जो रोज जास्त घेतो, त्याने मात्र एकाएकी स्वतःच बंद करू नये. हात थरथरणे, भ्रम, फिट येणे असे धोके असतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. वांद्र्यात फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेले कृपा फाउंडेशन आहे. तेथे जाण्यात लाज नाही. कोणाला एकट्याने जाणे जड वाटत असेल, तर धर्मगुरूंशी बोलावे, सोबत मिळेल.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील 'थोडी' किती ग्रॅमची आहे? त्यावर महिन्याला किती रुपये जातात?
२. घरातील स्त्रियांना आणि मुलांना या 'थोडी'विषयी काय वाटते, हे आपण कधी विचारले आहे का?
३. आपल्या घरच्या पुढच्या कार्यात, न घेणाऱ्या पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून आपण काय करू शकतो?

आपले शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. ते जपण्याची सुबुद्धी प्रभू आपणां सर्वांना देवो.

आपले धर्मगुरू
आजरा