नरखेडहून नर्मदेच्या आदिमानवाकडे: माणशी खर्च किती?

नरखेडच्या फलाटावरून इटारसीकडची गाडी धरली की चार-पाच तासांत नर्मदाकाठ येतो. आदिमानवाची भारतातली सगळ्यात गाजलेली कवटी तिथलीच, हथनोऱ्याची. चौघं मिळून एक मुक्काम करून आलात, तर माणशी सव्वादोन ते अडीच हजार रुपये धरा.

नर्मदापुरम, म्हणजे जुनं होशंगाबाद, साधारण 230 किलोमीटरवर. स्लीपरचं तिकीट दोनशेच्या आसपास. थर्ड एसीच्या नादी लागू नका. त्या वर्गात किमान 300 किलोमीटरचं भाडं लागतं, म्हणजे न केलेल्या सत्तर किलोमीटरचेही पैसे मोजायचे. शिवाय बैतूलपुढचा मरामझिरी-धाराखोहचा घाट उघड्या खिडकीतूनच बघावा. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, बर्थ घेतला की पूर्ण. नरखेडला सगळ्या एक्सप्रेस थांबत नाहीत, तेव्हा थांबा बघूनच आरक्षण करा. गाडी इटारसीपर्यंतचीच मिळाली तरी बिघडत नाही, पुढे 18 किलोमीटरच उरतात.

खरा खर्च भाड्याच्या गाडीचा. दिवसाचे तीन-साडेतीन हजार धरा आणि हथनोरा, भीमबेटकाच्या गुहा, आदमगडची टेकडी असं सगळं एकदमच ठरवून घ्या. ठिकाणागणिक भाव केलात तर महागात पडेल.

हथनोरा नदीच्या पलीकडच्या काठावर, सीहोर जिल्ह्यात. 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना इथल्या गोट्यांच्या घट्ट थरात कवटीचा वरचा भाग सापडला. वय किमान दोन-अडीच लाख वर्षं मानतात. आधी ती होमो इरेक्टसची म्हणून जाहीर झाली, मग अनेक अभ्यासकांनी तिला आद्य होमो सेपियन्सकडे ढकललं. वाद अजून मिटलेला नाही. तिथे आज कवटी नाही. दिसतो तो काठ आणि वाळूत घट्ट बसलेले गोटे. विषयाची आवड असेल तर जरूर जा. सोबत लहान मुलं असतील तर मी म्हणेन, हथनोरा गाळा. मग गाडीही लागत नाही: भोपाळकडे जाणाऱ्या बसने भीमबेटकाच्या फाट्यावर उतरायचं आणि तीनेक किलोमीटर चालायचं. खर्च सरळ दीड हजारावर येतो.

भीमबेटका मात्र चुकवू नये. 1957 साली पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना हे खडक रेल्वेतून जाताना दिसले, 2003 साली जागतिक वारसा यादीत आले. सातशेहून जास्त गुहा, त्यांतल्या मोजक्याच पाहायला खुल्या. प्रवेश माणशी दोन आकडी रकमेत, वाहनाचे वेगळे. गाइड करायचा तर पैसे आधी ठरवा. त्याने छतावरचा पानासारखा ठसा दाखवून ‘कोट्यवधी वर्षांचं जीवाश्म’ म्हटलं, तर हसून पुढे व्हा. 2021 मध्ये डिकिन्सोनिया या आदिम जीवाचा म्हणून गाजलेला तो ठसा मधमाश्यांच्या पोळ्याचा निघाला.

आदमगडची टेकडी नर्मदापुरम शहरातच, ऑटोने उरकते. इथलं 1960-61चं उत्खनन पुरातत्त्वज्ञ जोशी आणि खरे यांचं. दगडी हत्यारं आणि खडकावरची चित्रं एकाच टेकडीवर.

दोघांची खोली हजाराला मिळावी, दिवसाचं जेवण माणशी दोनशे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा. काठावरून गोटे, हाडं उचलू नका, कोणी विकायला आणलं तरी घेऊ नका. परतीचं तिकीट निघतानाच काढून ठेवा.