भाडेवाढ, वीजबिल आणि लसींचा फ्रीज

तरसालीत भाड्याच्या जागेत दवाखाना चालविणाऱ्यांना भाडेवाढीची चिंता नवी नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने, जो १९६० नंतर गुजरातेतही चालू राहिला, प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले होते. पालिकेचे वाढीव कर मात्र भाडेकरूकडून घेता येत. असे गोठलेले भाडे मालकावर अन्यायच होता. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये ते अवाजवी ठरविले. महाराष्ट्राने ३१ मार्च २००० पासून वार्षिक ४ टक्के वाढ मान्य केली. ती गुजरातेत आपोआप लागू होत नाही, म्हणून येथे करारनामा नीट वाचावा.

भाडे, मीटरप्रमाणे वीज, पाणी व सफाई यांचे आकार वेगवेगळे लिहून घ्यावेत. ‘इतर सर्व खर्च भाडेकरूचा’ या शब्दांत पुढील भांडणाचे बीज असते. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो.

पुरेशा कारणाविना वीज-पाणी तोडण्यास त्या कायद्याच्या कलम २४ ने मालकास मनाई केली होती. बालरोगतज्ज्ञास तिचे मोल विशेष वाटते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राखाव्या लागतात. बिलाच्या वादात फ्रीज रात्रभर बंद राहिला, तर सकाळी ती लस बाळाला विश्वासाने टोचता येत नाही. वीजमीटर शक्यतो स्वतंत्र घ्यावा.