शॉक बसत नाही, मग स्विच का तापतो?

प्रश्न : भावाने ट्रकच्या केबिनमध्ये प्लायवूडच्या तुकड्यावर घरातलेच स्विच बसवून बोर्ड केला आहे. पंखा, दोन फॉग लाइट आणि टेप त्यावरच चालतात. फॉग लाइटचा स्विच थोड्या वेळात हात लावू नये इतका तापतो. २४ व्होल्टने साधा शॉकही बसत नाही. मग घरात २३० व्होल्टवर गार राहणारा स्विच इथे का तापावा?
— एक वाचक, फलटण

उत्तर : शॉक बसणं व्होल्टवर अवलंबून असतं, तापणं ॲम्पिअरवर. ट्रकचे हॅलोजन बल्ब साधारण ७० वॉटचे, म्हणजे दोन मिळून १४०. एवढाच भार घरात २३० व्होल्टवर जेमतेम ०.६ ॲम्पिअर घेतो, ट्रकमध्ये मात्र जवळजवळ ६. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. तोच स्विच, तेच वॉट, पण उष्णता नव्वद पटींहून जास्त!

भाऊ म्हणेल, स्विचवर ६ ॲम्पिअर लिहिलंय की. लिहिलंय, पण घरच्या एसी करंटसाठी. तो करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी लगेच विझते. बॅटरीचा डीसी करंट असा कधी शून्यावर येत नाही. ठिणगी रेंगाळते, आतले पॉइंट काळे पडतात आणि काळा पॉइंट आणखी तापतो. शिवाय गार हॅलोजन पेटतानाचा पहिला झटका नेहमीच्या करंटच्या कित्येक पट असतो. त्यात गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात ते वेगळंच.

यावर उपाय रिलेचा, आणि तो महागही नाही. मोठा करंट बॅटरीकडून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला येतो आणि ८७ वरून दिव्यांकडे जातो. ८५ आणि ८६ या पिना आतल्या कॉइलच्या. स्विचमधून फक्त कॉइलपुरता, एका ॲम्पिअरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा करंट जातो. रिले २४ व्होल्टचाच घ्या. १२ चा लावलात तर कॉइल जळेल. आणि स्विचही गाडीचेच आणा, प्लायवूडला आता निवृत्ती द्या.

दिव्यांच्या वायरला, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला, १० ॲम्पिअरचा फ्यूज पुरतो. तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. बरेचजण सोयीसाठी डॅशबोर्डखाली लावतात. मग बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर चेसिसला घासून सोलली गेली, तर तिला अडवणारं काहीच नसतं. स्टार्टरला शेकडो ॲम्पिअर देणारी बॅटरी ती वायर लालबुंद करेल. केबिन जळायला तेवढं पुरतं. गाडी बीएस-६ असेल तर मूळ वायरिंग मधेच सोलून जोड काढू नका, त्यात सेन्सरच्या वायरी असतात.

सगळं चावीवर घेण्याचा मोहही नको. फॉग लाइट चावीवर ठीक, पण रात्री गाडी उभी करून केबिनमध्ये झोपायचं तर पंखा चावीशिवाय चालायला हवा. त्याची वायर वेगळी काढा, फ्यूजही वेगळा. वीस वॉटचा पंखा आठ तासांत सातएक ॲम्पिअर-तासच घेतो, धडधाकट बॅटरीला ते जाणवतही नाही.

राहिला टेप. तो १२ व्होल्टचा असेल आणि दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेतला असेल, तर ‘एक बॅटरी नेहमी आधी जाते’ ही भावाची तक्रार असणारच. दोन्ही बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असल्याने अल्टरनेटर दोघींना सारखाच करंट देतो. टेपवाली अर्धवट भरते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून तिचं पाणी उडत राहतं. दोघींचंही आयुष्य घटतं. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवा, म्हणजे भार दोन्हींवर सारखा पडेल. त्याआधी रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजून पाहा. आकड्यांत चांगलंच अंतर दिसलं, तर टेपची वायर आजच काढा.