इलेक्ट्रॉनांचा झोत बियाण्यावर सारखा कसा पसरावा

राजगडाच्या पायथ्याच्या आमच्या पाली गांवीं भात हेंच मुख्य पीक. आंबेमोहोरासारख्या जुन्या वाणांचा सुवास सर्वांस प्रिय. परंतु झाड उंच व काड नाजूक असल्यामुळें परतीच्या पावसांत पीक लोळतें, हा त्यांचा अवगुणहि तितकाच प्रसिद्ध आहे. बियाण्यावर किरणांचा मारा करून पुढील पिढींत बुटकीं रोपें शोधण्याची रीत अशा कामीं उपयोगी पडते. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'विक्रम' भुईमूग क्ष-किरणांच्या माऱ्यांतून निघून १९७३ सालीं प्रसारित झाला. क्ष-किरणांच्या जागीं इलेक्ट्रॉनांचा झोतहि वापरतां येतो. मात्र त्यांत एक अडचण आहे, व तिचाच विचार येथें कर्तव्य आहे.

असा झोत काढणारें 'रेसट्रॅक मायक्रोट्रॉन' नांवाचें यंत्र पुणें विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागांत उभारलें गेलें. मायक्रोट्रॉनची मूळ कल्पना रशियांतील वेक्स्लर यांनीं १९४४ सालीं मांडली. खळ्यांत मेढीभोंवतीं बैलांची पात फिरते, तसे इलेक्ट्रॉन लोहचुंबकांच्या बळानें फेऱ्या घेतात. भेद इतकाच कीं, दर फेरीस त्यांची शक्ति वाढते व फेराहि मोठा होत जातो. पुण्याच्या यंत्रांत ही शक्ति ६० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेण्यांत आली, व त्या झोतावर अनेक पदार्थांचे प्रयोग झाले.

आतां अडचण. यंत्रांतून निघणारा झोत अगदीं बारीक असतो. पाटाचें सारें पाणी वाफ्याच्या एकाच ठिकाणीं सोडलें तर तेथील रोपें कुजावीं व कडेचीं वाळावीं, तसाच प्रकार येथें होतो. माऱ्याची मात्रा 'ग्रे' या मापानें मोजतात. एक किलो पदार्थांत एक ज्यूल शक्ति मुरली म्हणजे एक ग्रे. भाताच्या बियाण्यास साधारण १५० ते ३०० ग्रे देतात. त्याहून फार कमी दिल्यास पालट दिसत नाहीं, फार जास्त दिल्यास रोप मरतें किंवा वांझ राहतें.

कोणी म्हणेल, सरासरी २०० ग्रे पडली म्हणजे झालें! आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली आहे; सरासरीची महती आम्हांस पुरती ठाऊक आहे. एका शेतांत पंचाहत्तर पैसे पीक व दुसऱ्यांत पंचवीस, म्हणजे कागदावर पन्नास पैसेवारी. परंतु त्या पन्नासांवर पंचवीसवाल्याची चूल पेटत नाहीं. झोताच्या मध्यें ३५० व कडेस ५० ग्रे पडले, तरी सरासरी २०० भरूं शकेल, आणि बियाणें दोन्हीकडे वायां जाईल.

उपाय मुख्यतः दोन आहेत. पहिला असा कीं, झोताच्या वाटेंत टंगस्टनसारख्या जड धातूचा अतिशय पातळ पत्रा ठेवावयाचा. त्यांतील अणूंच्या जड गाभ्यांजवळून जातांना इलेक्ट्रॉन थोडे थोडे वळतात, व कांहीं अंतरावर झोत रुंद होतो. तरीहि मध्यभागीं मात्रा टेकाडासारखी उंचच राहते. म्हणून मध्यें जाड व कडेस पातळ असा दुसरा पत्रा पुढें योजतात. पत्रा जाड केला कीं इलेक्ट्रॉनांची शक्ति घटते व नको असलेले क्ष-किरण वाढतात. येथें हात राखूनच काम करावें लागतें. कडेचा विरळ भाग अॅल्युमिनियमच्या भोंक असलेल्या जाड पाटीनें अडवितात.

दुसरा उपाय मोठ्या कामाचा. विद्युत्‌चुंबकांतील प्रवाह कमीजास्त करून झोत आडवा डोलवितात, व माल खालून पट्ट्यावर पुढें सरकतो. मूठपेरणी करणारा हात आडवा फिरवीत पुढें चालतो, तसेंच हें. पट्टा फार जलद गेला तर मध्यें पट्टे कोरडे राहतात; डोलण्याच्या दोन्ही टोकांस झोत रेंगाळला तर तेथें मात्रा वाढते.

खोलीचाहि हिशेब आहेच. ६० लक्ष व्होल्टांचे इलेक्ट्रॉन पाण्यांत सुमारें तीन सेंटिमीटरच शिरतात. म्हणून बियाणें पातळ थरांत पसरावें लागतें, पोत्यांत चालत नाहीं. लासलगांवच्या 'कृषक' केंद्रांत २००२ पासून कांद्यास कोबाल्टचे गॅमा किरण देतात, तें अशाच खोल शिरकावासाठीं.

ज्यांस प्रयोगासाठीं बियाणें द्यावयाचें असेल, त्यांनीं थराच्या मध्यें व चारी कोपऱ्यांत मात्रामापक पट्ट्या ठेवविण्याचा आग्रह धरावा, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी असे दोन्ही आंकडे लिहून घ्यावे. पहिल्या वर्षीं निवड करूं नये. बुटकीं रोपें बहुधा दुसऱ्या पिढींत दिसतात. मारा न केलेलें थोडें बियाणें शेजारच्या वाफ्यांत त्याच दिवशीं टाकावें.