लोको : चिलीच्या कातळावरची गोगलगाय

'नैसर्गिक संसाधने' शिकवताना आपण जंगल, पाणी, कोळसा सांगतो आणि पुढे जातो. माझ्या वर्गात मात्र एक गोगलगाय येते. तिचं नाव लोको.

लोको दक्षिण अमेरिकेत, चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावर सापडतो. आहे समुद्री गोगलगायच, पण कवच वाटीसारखं उघडं. फोटो दाखवला की मुलं हमखास 'शिंपला' म्हणतात. मांस इतकं चिवट की आधी चांगलं बडवावं लागतं! तिथली माणसं हजारो वर्षं लोको खात आली आहेत. १९७०च्या दशकात मात्र तो परदेशी, मुख्यतः आशियात, जायला लागला. भाव चढला. नळीतून हवा घेत पाणबुडे तळ खरवडू लागले. १९८० साली सुमारे २५ हजार टन लोको निघाला. पुढे साठे इतके घटले, की १९८९ ते १९९२ त्याच्यावर पूर्ण बंदी घालावी लागली. तरी चोरून काढणं चालूच राहिलं.

असं का? इथे मुलांना थोडा वेळ द्या. लोको १० सेंटिमीटरचा झाल्याशिवाय काढायचा नाही असा तिथला नियम आहे, आणि तेवढं वाढायला साधारण चार-पाच वर्षं लागतात. पण समुद्र सगळ्यांचा. लहान लोको मी आज सोडला, तर उद्या दुसरा कोणी नेणार. मग मी का सोडू?

दरम्यान १९८२च्या अखेरीस लास क्रूसेस गावी विद्यापीठाच्या सागरी केंद्राने किनाऱ्याचा एक तुकडा कुंपण घालून बंद केला. हुआन कार्लोस कास्तिया आणि सहकाऱ्यांनी तिथे नोंदी ठेवल्या. माणसाचा हात थांबताच दोन-तीन वर्षांत लोको वाढले, त्यांनी खडकावरच्या काळ्या शिंपल्या फस्त केल्या आणि त्या जागी बार्नॅकल पसरले. म्हणजे किनाऱ्याचं जे रूप 'नैसर्गिक' वाटत होतं, ते आपल्याच वेचण्यामुळे झालेलं होतं. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

१९९१च्या मासेमारी कायद्याने छोट्या मच्छीमारांच्या नोंदणीकृत संघटनांना समुद्रतळाचे ठराविक पट्टे सांभाळायला देण्याची सोय केली. आधी पाहणी करायची, किती लोको आहेत ते मोजायचं, मग किती काढायचे ते ठरवायचं. आता सोडलेला लोको पुढच्या वर्षी आपल्यालाच मिळण्याची शक्यता होती. चांगल्या राखलेल्या पट्ट्यांत लोको बाहेरच्यापेक्षा संख्येने जास्त आणि आकाराने मोठे आढळले.

सगळं छान झालं, असं मात्र वर्गात सांगू नका. पट्टा राखायला रात्रीचा पहारा लागतो, होडीचं इंधन जळतं, पाहणीचा खर्च येतो. चोरटे अजूनही येतात. भाव पडला की काही संघटनांना हे परवडत नाही. शिवाय अंड्यांतून निघालेली पिल्लं सुमारे तीन महिने प्रवाहाबरोबर वाहतात, त्यामुळे एकाच्या पट्ट्यातली पिल्लं दुसऱ्याच्याच खडकावर जाऊन बसू शकतात.

कोकणातल्या शाळेत असाल तर ओहोटीला कालवं काढायला जाणाऱ्या एखाद्या आजींना वर्गात बोलवा आणि मुलांना विचारू द्या : लहान कालवं तुम्ही ठेवता का, आणि ठेवली तर ती पुढे कोण नेतं?