नातू मराठीत बोलत नाही?

अचलपूर-परतवाड्यातील अनेक घरांतील मुले आता अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. त्यामुळे रक्तदाब तपासायला आलेल्या आजी-आजोबांकडून एक तक्रार हमखास ऐकायला मिळते, "डॉक्टरसाहेब, नातवाले मराठी समजते, पण बोलत नाही. काई इचारलं का इंग्रजीतच उत्तर देते." मग सुनेने शिकवले नाही, मुलाने लक्ष दिले नाही, असे ठपके सुरू होतात. दर रविवारी फोनवर नातवाची तोंडी परीक्षा होते. पुढे पुढे तो फोनजवळ यायचेच टाळतो.

वैद्यकीयदृष्ट्या पाहता घरची भाषा समजणे व उत्तर शाळेच्या भाषेत देणे हे परदेशी वाढणाऱ्या मुलांत अगदी नेहमीचे आहे. हा आजार नाही, उद्धटपणाही नाही. आपल्याच बाजारात वऱ्हाडी, हिंदी, उर्दू कानावर पडते, मेळघाटातून आलेल्यांची कोरकूही. एकाच वाक्यात दोन-तीन भाषा मिसळणारे दुकानदार आपण रोज पाहतो. त्यांच्या डोक्यात गोंधळ होत नाही.

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते, हाही गैरसमज आहे. या भीतीने काही पालक घरात मराठी बंद करतात. तसे करू नये. मुलाला किती शब्द येतात हे मोजताना दोन्ही भाषांतील शब्द धरावेत. मात्र दोन वर्षांचे मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा आलेले शब्द विसरू लागले असेल, तर कानांची तपासणी करून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

उत्तर अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. तेथे अनेक शहरांत मराठी शाळा चालतात. हे काम चांगलेच आहे. पण नेमके शाळेच्या सकाळीच मुलाचे पोट दुखत असेल, तर ते नाटक समजून दटावू नये. मन व आतडे मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. ताणाने होणारी वेदना खरीच असते. वजन घटणे, ताप, वारंवार उलटी, शौचात रक्त किंवा झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर मात्र ताणावर न ढकलता तपासणी करावी.

परदेशी गेलेला माणूस निघताना पाहिलेले वऱ्हाड मनात घेऊन जातो आणि मुलाने तसेच व्हावे अशी अपेक्षा धरतो. इकडे गावातल्या कॉन्व्हेंटच्या मुलाला एकोणऐंशी म्हणजे किती ते विचारून पाहा! मग सारा भार सातासमुद्रापलीकडच्या पोरानेच का वाहावा?

मॉरिशसमध्ये मराठी माणसे एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेली. आज त्यांच्या बहुतेक घरांत क्रिओल बोलली जाते. तरी गणपती बसतो, समुद्रात विसर्जन होते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. भाषा मागे पडली हे नुकसान खरेच, पण नाते त्याबरोबर संपले नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्थलांतरितांचा दीर्घकाळ अभ्यास केला. घरची व नवी अशा दोन्ही संस्कृतींशी संबंध राखणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य साधारणपणे अधिक चांगले राहते, असे त्यांना आढळले.

आजी-आजोबांनी स्वतः मराठीतच बोलावे, पण उत्तर कोणत्याही भाषेत स्वीकारावे. चुका काढू नयेत. "श्लोक म्हणून दाखव" ऐवजी फोनवरच संत्र्याचा बगीचा दाखवावा. त्याच्या शाळेत काय चालले आहे ते विचारावे. सुटीत घरी आला, तर पाहुण्यांपुढे उभे करून बोलायला लावू नये. भाकर थापताना जवळ बसवावे, पीठ हाताला लागू द्यावे. उत्तर "ओके आजी" आले, तरी पुढचे वाक्य आपण मराठीतच बोलावे.